वरोऱ्याचं बियाणं

मंडप घरामागच्या परसात, सांदवाडीत घालायचा की समोरच्या रस्त्यावर, एवढीच गोष्ट होती. पण मेश्रामांच्या घरात कुठलीही गोष्ट एवढ्यावर कधी थांबली आहे?

राजदीपच्या मुलाचं नामकरण दुसऱ्या दिवशी होतं. राजदीप गडचिरोलीला शाळेत शिकवायचा, बायको चंचलला घेऊन राहायचाही तिकडेच. पण पहिल्या नातवाचं नाव चामोर्शीच्या घरात ठेवायचं, हे हरिदासनं बाळ जन्मायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस. एकदा ज्या रस्त्याला लागला, त्या रस्त्यावरून त्याला वळवणं कोणाला जमलं नव्हतं.

सकाळी मंडपवाला लटारू बांबू घेऊन आला आणि राजदीप त्याला घरामागं घेऊन गेला. त्याची आई गिरजाबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मागचं दार उघडंच होतं. तिला राजदीपचा आवाज आला, "हे सगळं काढा लागन."

हे सगळं म्हणजे विहिरीपासून कुंपणापर्यंतची तिची फुलं. मोहरी पिवळी झाली होती, कॉसमॉस कमरेएवढा वाढला होता, सब्जाला तुरे आले होते. कोथिंबीर तिनं मुद्दाम न खुडता वाढू दिली होती आणि तिच्या पांढऱ्या फुलांवर इतक्या माश्या बसायच्या की ताटवाच हलतो आहे असं वाटायचं. पौषातलं कोवळं ऊन पडलं की साऱ्या सांदवाडीत गुणगुण सुरू होई. फुलं देवघरासाठी नव्हती, वेणीसाठी नव्हती. मधमाशीला, भुंग्याला आणि फुलपाखराला जे आवडतं तेच गिरजाबाई लावायची. गल्लीतल्या बाया हसायच्या, म्हणायच्या, गिरजाबाईनं माश्या पाळल्या. पण त्याच बाया तिच्या वेलाचे दोडके मागून न्यायच्या.

हरिदास तिथंच होता. निवृत्त झाल्यापासून त्याची प्लास्टिकची खुर्ची विहिरीजवळच असायची. चहा घेऊन बसायचा तो ऊन डोक्यावर येईपर्यंत. सुरुवातीला नुसता बसायचा. मग हळूहळू चौकातल्या हॉटेलात सांगायला लागला, की माश्या सकाळी आधी मोहरीवर जातात अन् ऊन तापल्यावर सब्जावर, की फुलपाखराला जिनियाशिवाय काही सुचत नाही. एक बी त्यानं कधी मातीत टाकलं नव्हतं. पण दुपारी गिरजाबाईचा डोळा लागला की तो बादली घेऊन रोपांना पाणी घालायचा, आणि तिला ते माहीत नसल्यासारखं ती वागायची.

"एकही झाड काढाचं नाई," हरिदास म्हणाला. "मंडप समोर घाल."

राजदीपनं समजावून सांगितलं. रस्ता अडवला की शेजारचे कुरकुर करतात. पाहुण्यांसोबत लहान लेकरं येणार, कोणाला माशी चावली तर गोंधळ होईल. आणि फुलं काय, पुन्हा लावता येतील. त्याचं काही चुकीचं नव्हतं. चंचल बाळाला घेऊन दारात उभी होती, ती हळूच म्हणाली की रस्त्यावरही भागेल. बायकोही आपल्या बाजूनं नाही म्हटल्यावर राजदीपचा चेहरा बदलला. आदल्या संध्याकाळपासून त्यानं एक गोष्ट पोटात दाबून धरली होती. आईच्या जुन्या फोनमधलं सगळं नव्या फोनमध्ये घालून देताना त्याच्या कानावर काही आवाजी निरोप पडले होते.

"बाबा," तो म्हणाला, "हे बियाणं कुठून आलं, विचारलं का तुमी कधी?"

गिरजाबाईचे हात कणकेतच थांबले.

या दिवसाची तिला भीती होतीच. नंदिनी, तिची मुलगी, चंद्रपूरला दवाखान्यात नर्स होती. तिनं वरोऱ्याच्या तौसीफशी रजिस्टर लग्न केलं, त्याला आता पाच वर्षं होत आली. तौसीफ तिच्याच दवाखान्यात एक्स-रे काढायचा; त्याच्या बापाचं, इब्राहीमभाईंचं, वरोऱ्यात कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान होतं. लग्नाची बातमी हरिदासला डेपोत एका ड्रायव्हरनं दिली, चार माणसांसमोर, हसत हसत. त्या दिवसापासून नंदिनीचं नाव घरात निघालं नाही. गिरजाबाईनंही काढलं नाही. मग नंदिनी बाळंतपणाला चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती झाल्याचं कळलं, तेव्हा वाटेतल्या मूल गावाला बहिणीकडे जाते असं सांगून ती गाडीत बसली आणि मूलला न उतरता सरळ पुढं गेली.

दवाखान्याच्या ओट्यावर तौसीफची आई सईदा बसली होती. दोघी एका बाकावर, मधे डब्याची पिशवी. बोलायचं काय? लेकीच्या कळा आत चाललेल्या, आणि बाहेर या दोन अनोळखी बाया. बऱ्याच वेळानं सईदा आपणहून म्हणाली की तिच्या गच्चीवरच्या दोडक्याला फुलं खूप येतात पण फळ धरत नाही, बोटाएवढं होऊन पिवळं पडून गळतं. गिरजाबाई म्हणाली, तुमच्याकडे माशी येत नसेल. माशी यायची तर आधी तिच्यासाठी काही लावा. सब्जा लावा, तीळ लावा. सईदानं विचारलं, कुंडीत येतो का तीळ? आणि आतून बाळाचं रडणं ऐकू येईपर्यंत दोघी तेच बोलत राहिल्या.

तिथून लागलेला तो नाद. गिरजाबाईनं सब्जाचं बी पाठवलं, सईदानं कॉसमॉसचं आणि जिनियाचं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून पुड्या जायच्या. दुपारी फोनवर एकमेकींना आपापली फुलं दाखवायच्या. सईदाच्या गच्चीवर पहिली मधमाशी आली त्या दिवशी तिनं इतक्या आनंदानं फोन केला, की गिरजाबाईला वाटलं नंदिनीला पुन्हा दिवस गेले. कुठलं औषध फवारायचं नाही, उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवायचं म्हणजे माशी बुडत नाही, अशा गोष्टी दोघी एकमेकींकडून शिकल्या. आणि फुलांचं बोलणं संपता संपता नंदिनीचं बोलणं निघायचं, इकराच्या दातांचं, तिच्या पहिल्या पावलाचं.

गिरजाबाईनं हात धुतले, पदराला पुसले आणि ती मागच्या दारात आली.

"वरोऱ्याहून आलं," ती म्हणाली. "माह्या विहिणीनं देल्लं."

हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. लटारूनं हातातलं फावडं जमिनीवर टेकवलं आणि तो कुंपणाकडे पाहू लागला.

हरिदासनं कपबशी खाली ठेवली. "कधीपासून?"

"इकरा झाली तवापासून. दोन वर्षं झाले."

"इकरा कोण?"

"तुमची नात."

हरिदासनं आधी राजदीपकडे पाहिलं. मग त्यानं चंचलकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली तेवढ्यावरून त्याला कळलं की तिलाही माहीत होतं. राजदीपलाही कळलं. बापाला आपल्या बाजूला ओढायला त्यानं तोंड उघडलं होतं, आणि आता तो स्वतःच्या बायकोकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसा पाहत होता.

"म्हंजे दोन वर्षं मी त्यायच्याच फुलात बसून होतो," हरिदास म्हणाला. "अन् सगळ्यायले माहीत होतं. तवाही मले शेवटी कळलं, आताही मलेच शेवटी." तो उठला. "काढ, राजदीप. काय काढाचं ते काढून टाक." पायात चप्पल सरकवून तो घरातून निघून गेला.

राजदीपनं लटारूला खूण केली. लटारू जागचा हलला नाही, कारण गिरजाबाई चालत येऊन हरिदासच्या खुर्चीत बसली होती. नवऱ्याच्या शब्दापुढं ती आजवर गेली नव्हती.

"च्या घे, लटारू," ती म्हणाली. "अन् बांबू समोर नेऊन टाक."

"बाबा काय म्हणाले, आयकलं ना तू?" राजदीप म्हणाला.

"ते रागात बोलले. राग उतरल्यावर पुन्हा विचारजो. तवाही काढ म्हणाले, तर मीच उपटून देईन."

लटारू बांबू उचलून पुढं गेला. चंचलनं बाळाला सासूच्या मांडीवर दिलं आणि ती नवऱ्यासमोर उभी राहिली. ती फारशी बोलणारी नव्हती. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. मंगलीआक्का येईल, ती चुलत का होईना आत्याच, तिचा मान ठेवू. पण सख्खी आत्या जिवंत असताना, बोलावलं तर धावत येणारी असताना, तिला न सांगता आपण हे करतो आहोत. हे मला बाळ पोटात असल्यापासून टोचत होतं, असं ती म्हणाली.

"तुले सोपं आहे बोलाले," राजदीप म्हणाला. आवाज त्यानं चढवला नाही, उलट तो खाली गेला. "तिले नर्सिंगले चंद्रपूरले पाठवा म्हणून बाबाच्या मागं मी लागलो होतो. ते नाई म्हणत होते. मी जामीन राह्यलो तिच्या वागणुकीचा. मंग बाबानं माह्याकडं कसं पाह्यलं, ते मले माहीत. मले तरी ती एक शब्द बोलली का?"

लेकाच्या मनात हे इतकी वर्षं साचलेलं आहे, हे गिरजाबाईला तोवर समजलंच नव्हतं. तिला वाटायचं राजदीप लोकांना भितो, शाळेतल्या मास्तरांच्या बोलण्याला भितो. तेही असेल. पण त्याच्या खाली हे होतं. तिनं बाळाला थोपटत त्याच्याकडे पाहिलं, आणि तो बोळीतून पुढं मंडपाकडे निघून गेला.

हरिदास जेवायला आला नाही. चौकातल्या हॉटेलात नव्हता, डेपोतल्या जुन्या मित्राकडेही नव्हता. पाहुण्यांचे फोन येत होते, मंगलीआक्का संध्याकाळीच पोचते म्हणाली, भाज्या निवडायच्या होत्या. गिरजाबाईचं कशातच लक्ष नव्हतं. तिनं काय चूक केली, हे ती मनाशी तपासत होती. लेकीला भेटली ही चूक नव्हती. पण एका छपराखाली राहून, रोज त्या माणसाला त्याच फुलांमध्ये चहा नेऊन देऊन, आपण त्याला बाहेरच ठेवलं. विश्वास टाकला असता तर कदाचित त्यानं फोन फोडला असता. कदाचित नसताही. आपण त्याला तेवढी संधीही दिली नाही.

ऊन कलल्यावर तो आला. धानाच्या बांध्यांमधून फिरून आला असावा, पायजम्याला गवताची कुसळं चिकटली होती. घरात न शिरता बाजूच्या बोळीतून सरळ मागं गेला. फुलं जागच्या जागी पाहून तो क्षणभर थांबला. मग खुर्चीत बसला. गिरजाबाईनं चहा नेला आणि ती विहिरीच्या कठड्यावर टेकली.

"लपवाले नोको होतं म्या," ती म्हणाली. "भेटली त्याचं मले वाईट नाई वाटत. लपवलं त्याचं वाटते."

त्यानं मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळलं नाही. चहा अर्धा झाल्यावर त्यानं विचारलं, "तिकडं बी अशाच येतात का माश्या?"

"तिकडं गच्ची हाये. कमी येतात. पण येतात आता."

"अन् पाणी? उन्हाळ्यात गच्ची तापत असन."

"इब्राहीमभाई बांधतात हिरवं कापड वरून. दुकानातून आले का तेबी खुर्ची टाकून बसतात म्हणे तिथंच."

मोहरीवरच्या माश्या परतीला लागल्या होत्या. इतक्यात गिरजाबाईच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. सईदाचा होता. रोजचाच. गिरजाबाईनं तो वाजू दिला.

"उचल," हरिदास म्हणाला. "अन् मलेबी आयकू दे."

नव्या फोनवर कुठलं बटण दाबायचं ते तिला सापडेना. पडद्यावरचं सईदाचं नाव वाचत त्यानंच दाबून दिलं. पलीकडून सईदाचा आवाज आला, नेहमीसारखा घाईघाईचा, मराठी-हिंदी कालवलेला. तिच्या सूर्यफुलानं आज डोळा उघडला होता. मग तिचा आवाज मंद झाला.

"गिरजाबाई, उद्या तुमच्या घरी कार्यक्रम ना? नंदिनी दो दिन से चूप आहे. काम करते, बोलत नाही. भाच्यासाठी टोपी विणली तिनं, पिवळी. कोणाच्या हातानं पाठवू? तुमच्या घरात लफडा नको व्हायला, म्हणून विचारते. सांगा, आमच्याकडून आली असं नका सांगू. बाजारातून आणली म्हणा."

गिरजाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. हरिदासनं हात पुढं केला आणि फोन घेतला.

"सईदाबाई," तो म्हणाला, "मी हरिदास बोलून राह्यलो."

"जी," पलीकडून सईदा म्हणाली.

"टोपी कोणाच्या हातानं पाठवू नोका. तुमीच घेऊन या. सगळे या. नाव आत्यानंच ठेवा लागते."

फोन त्यानं परत दिला. तो लगेच उठला, बादली घेतली आणि गिरजाबाईच्या डोळ्यांदेखत कॉसमॉसला पाणी घालू लागला. राजदीप दारात उभा राहून हे ऐकत होता. तो आत वळला.

दुसऱ्या दिवशी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा बुद्धवंदना व्हायची होती. इब्राहीमभाईंना दुकान सोडता आलं नव्हतं, असं सईदानं सांगितलं; खरं तर त्यांनाही धीर झाला नसावा. नंदिनी पुढं होती, मागं सईदा, तिच्या कडेवर इकरा, आणि तौसीफ पिशव्या घेऊन सगळ्यांच्या मागं. पाहुण्यांमधे कुजबुज झाली. मंगलीआक्का उठली, तिनं सरळ जाऊन नंदिनीचा हात धरला आणि मला काही तुझा मान नको गं बाई, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणून टाकलं. कुजबुज तिथंच विरली.

हरिदास दारात उभा होता. नंदिनी वाकली. त्यानं तिला उठवलं नाही, आशीर्वादही दिला नाही.

"मले तू सांगाले पायजे होतं," तो म्हणाला.

"तुमी हो म्हणाले असते, बाबा?"

"नसतो म्हणालो. पण तुह्या तोंडून आयकलं असतं."

नंदिनीला रडू फुटलं. तेव्हा कुठे त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तिथंच ठेवून, मागच्या पाहुण्यांना वाट द्यायला दोघंही बाजूला झाले.

तसबिरींपुढं मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. पिवळी टोपी घातलेल्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नंदिनीनं नाव सांगितलं, सुमेध. बायांनी हसून टाळ्या वाजवल्या. चंचल डोळे पुसत होती. राजदीप बाळाला धरून होता, पण त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही.

सईदाला मात्र जेवायच्या आधी सांदवाडी पाहायची होती. दोन वर्षं ती तिनं फोनमधे बोटाएवढीच पाहिली होती. कॉसमॉसमधे उभी राहून तिनं गिरजाबाईचा दंड धरला. वाळलेली जिनियाची बोंडं खुडून ओढणीच्या टोकात बांधायला तिनं सुरुवात केली, गिरजाबाई आणखी दाखवत गेली, हे घ्या, हे घ्या. हरिदास त्यांच्या मागं मागं होता. सब्जावर माशी दुपारी जास्त येते, आता थोडं थांबा म्हणजे दिसेल, असं त्यानं विहिणीला दोनदा सांगितलं. मग त्यानं इकराला खांद्यावर घेतलं आणि कुठल्या फुलाला हात लावायचा नाही ते तिला सांगू लागला.

पंगत बसली. तौसीफ मान खाली घालून जेवत होता. राजदीप वाढत होता. वरणाची बादली घेऊन तो दोनदा त्याच्या पानावरून पुढं गेला. तिसऱ्या वेळी थांबला, पाहिलं नाही, पण पळी भरून वाढलं. तौसीफ पुरे म्हणाला नाही.

गिरजाबाईनं ते पाहिलं. ज्या नवऱ्याला आपण हरवून बसू अशी तिला भीती होती, तो तिच्याकडे आला होता, आणि जो लेक कायम बापाच्या बाजूनं उभा असायचा, तो आज या घरात कोणाच्याच बाजूला नव्हता. ती ताट वाढून त्याच्याकडे गेली. तो मंडपाच्या बांबूला टेकून एकटा उभा होता.

"जेवून घे," ती म्हणाली.

"मले वेळ लागन, माय." तो ताटाकडे पाहत होता. "तुमचं सगळ्यायचं एका दिवसात जमलं. माह्यं नाई जमत."

"तुले कोणी घाई नाई करून राह्यलं," ती म्हणाली. ताट त्याच्या हातात दिलं. "घे वेळ. तुह्या बाबानं ठेवून घेतली नंदिनीले. आठ दिस आहे ती इथी."